तीन मशिनं, तीन विषय

दिघी मागे पडली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. भोसरीहून निघालेली मंडळी भजन म्हणत पुढे गेली होती आणि मागे दोघंच रेंगाळली होती. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी करणाऱ्या सुहासिनीताई आणि तिथलाच लेथवरचा टर्नर ज्योतीराम. एकादशीला आळंदीला पायी जायचं, हा ताईंचा बारा वर्षांचा नेम. ज्योतीराम एरवी सगळ्यांच्या पुढे असायचा. बार्शीकडून हेल्पर म्हणून आलेला, बघून बघून टर्नर झालेला हा माणूस बसून राहणाऱ्यातला नव्हता. आज मात्र त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

"काय हो, लेकीचं लग्न काढलं आणि पायातलं बळ गेलं?" ताई हसल्या. "जावई काय करतो ते तरी सांगा."

ज्योतीरामनं टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "ताई, जावईच न्हाई."

"म्हणजे?"

"लग्नच न्हाई. पद्माला कॉलेजात घालायचंय. माउलीच्या दारात खोटं घेऊन जायला पाय उचलंना, म्हणून सांगितलं."

सुहासिनीताई रस्त्यातच थांबल्या. कामगारांच्या पतपेढीचे अर्ज त्याच लिहून द्यायच्या. 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'मुलीचे लग्न' हे त्यांच्याच अक्षरात होतं. अठराशे रुपये मंजूर झाले होते, मंगळवारी हातात पडायचे होते. शिवाय मशीन शॉपमधल्या लोकांनी वर्गणी काढून स्टीलचा मोठा हंडा घेतला होता आणि वर नावही घालून आणलं होतं, 'चि. सौ. कां. पद्मा हिला विवाहानिमित्त सप्रेम.' त्यात ताईंचे पाच रुपये होते.

"अहो, मग हंड्याचं काय?" त्यांच्या तोंडून आधी तेच निघालं.

"त्यानंच झोप उडवलीय. लग्नाच्या कर्जाला एक जामीन पुरतो, शिक्षणाला दोन लागतात. दुसरा मिळंना. जो तो म्हणतो, बी.ए.साठी कुणी कर्ज काढतं का, टायपिंगला घाल."

"मग काय चुकीचं म्हणतात? आणि विषय कुठला घेतेय?"

"तीन घेतीया. मराठी, अर्थशास्त्र आन मानसशास्त्र."

"तिन्ही एकदम? एक तरी धड होईल का!"

दोघं बाभळीच्या सावलीला टेकली. ताईंनी काटकी उचलली आणि मातीतच हिशेब मांडला. "टायपिंग सहा महिने, की लगेच महिना तीनशे. बी.ए.ला तीन वर्षं. म्हणजे अडीच वर्षांचा पगार बुडाला, नऊ हजार. वर कर्ज अठराशे. झाले दहा हजार आठशे. बी.ए. झालेलीला साडेचारशे धरा. महिन्याला दीडशे जास्त, वर्षाला अठराशे. नुसतं भरून यायला सहा वर्षं, ज्योतीराम! व्याज धरलं तर सात."

ज्योतीराम बोटं मोजू लागला. "पोरगी आता अठराची. एकविसाला बी.ए. अठ्ठाविसाला बरोबरी. आन रिटायर कधी व्हायची?"

"अठ्ठावन्नला."

"मग मधली तीस वर्षं कुठं गेली? तुमी काटकी थांबवली, तिथनं पुढं तर सगळा नफाच हाय की!"

ताईंनी काटकी टाकून दिली. पतपेढीचं कर्ज तीन वर्षांत फिटायचं, त्यामुळे लांबचं मोजायची सवयच नव्हती. "नोकरी लागली तर," त्या म्हणाल्या.

"लागली तर. त्याची खात्री मी देत न्हाई. पण मंदीच्या साली काय झालं? नुसतं लेथ येणारे चौघं घरी बसले. मला मिलिंग यायचं, ड्रिलिंग यायचं, म्हणून ठेवून घेतलं. शिकत होतो तवा हीच मंडळी हसायची, ह्यो टर्नर हाय का बहुरूपी! पद्मा म्हणते, आबा, तुमची तीन मशिनं, माझे तीन विषय."

"तिला मनापासून शिकायचंय ना?"

"म्हंजी काय! परवा वही घेऊन समोर बसली. म्हणते, आबा, साहेब ओरडला की तुमच्या मनात नेमकं काय येतं? खरं सांगितलं. तिनं वहीच मिटली."

सुहासिनीताईंना असं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. डोळे पुसत त्या उठल्या. "सोमवारी कमिटीला मी खरं सांगते. जुना अर्ज रद्द करायचा, नवा लिहायचा."

"आन हंडा?"

"राहू दे घरात. लग्न होईल तेव्हा होईल, तोवर पाणी भरा. चिडवतील वर्षभर, ऐकून घ्यायचं."

आता ज्योतीराम झपाझपा चालू लागला. त्याला गाठताना ताईंना धाप लागली. देवळाचा कळस दिसला तसा तो अचानक थांबला, हात जोडले, आणि वळून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ताई, एक जामीन आपल्या शॉपातला हिंदुराव राहतोय. दुसऱ्यासाठी सात जणांना विचारलं. तुमालाच विचारलं न्हाई. अर्ज लिहिणाऱ्या बाईकडं सही कशी मागायची, जीभच रेटली न्हाई." त्यानं टोपी काढून हातात धरली. "आज तिचा सगळा हिशेब तुमीच मांडलाय. पद्माला दुसरा जामीन तुमी राहाल का?"