‘गयी’ म्हणजे ‘वारली’ नव्हे

सकाळी गावाच्या या व्हॉट्सॲप गटात एका सद्गृहस्थांनी लिहिले की, आमच्या शेजारच्या सखूअक्कांनी हयातीचा दाखला दिला नाही, म्हणून त्यांचे निराधार अनुदान बंद झाले. हे असत्य आहे. दाखला देताना मी सोबत होतो.

आज दुपारी अक्कांना घेऊन तहसील कार्यालयात गेलो आणि लाभार्थ्यांची यादी मागितली.

“आबा, ती गोपनीय आहे,” कारकून म्हणाले.

नियम वाचून दाखवल्यावर यादी निघाली. अक्कांच्या नावापुढे शेरा होता : ‘मयत’.

अक्का त्यांना म्हणाल्या, “मनी मरानी खबर माले तरी देवानी व्हती, भाऊ.”

उलगडा घरी आल्यावर झाला. आषाढात चौकशीला आलेल्या परगावच्या साहेबांना शेजारीण म्हणाली होती, “अक्का साक्रीले गयी.” साहेबांनी ‘साक्रीले’ गाळले आणि उरलेल्या क्रियापदाने बाईला मारले.

यादी चावडीवर लावली असती, तर गावाने त्याच दिवशी चूक दाखवली असती. ती कपाटात नेमकी कोणापासून लपवली आहे?

सद्गृहस्थांनी क्रम दुरुस्त करून घ्यावा.

चैत्र : दाखला दिला.
आषाढ : अक्का लेकीकडे साक्रीला गेल्या.
श्रावण : परतल्या.
भाद्रपद : अनुदान बंद.
मृत्यू : अद्याप नाही.