हॅथर्लींचा ओसाकातला आवाज

‘आवाज खोटा वाटतो,’ क्लायंटचे विभागप्रमुख म्हणाले.

जाहिरात कानाच्या मशीनची होती. स्क्रीनवर मिस्टर हॅथर्ली, सत्तरी ओलांडलेले, निळा सूट, हातात चहाचा कप. कॅमेऱ्याकडे बघत ते जपानीत एकच वाक्य बोलत होते: नातवंडांची बडबड पुन्हा ऐकू यायला लागली. हे वाक्य मी त्यांच्याकडून आठवडाभर घोटवून घेतलं होतं. उच्चार झकास होता. आणि आवाज त्यांचा स्वतःचा होता, कारण शूटिंगला मी समोरच उभी होते.

‘खोटा म्हणजे?’ मी विचारलं.

‘आमच्या काही ग्राहकांना दाखवून बघितली. सगळ्या आज्या एकच म्हणाल्या. माणूस तोच आहे, पण आवाज कुणा दुसऱ्याचाच लावलाय. आम्हाला फसवता का?’

माझे बॉस मोरिता-सान यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

मी दुभाषी. मूळची पुण्याची. पुण्यात जपानी शिकणारे पायलीचे पन्नास मिळतात, पण ते बहुतेक आयटीत जातात. नवरा त्या वाटेनं गेला, मी टीव्हीच्या. आमची छोटी कंपनी परदेशी कलाकारांना जपानात आणते आणि ते परत जाईपर्यंत त्यांना सांभाळते. जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर लोक इकडे यायला घाबरायचे आणि हा धंदा पार बसला होता. कबूल केलेले कलाकार ऐन वेळी आजारी पडायचे, कुणाची आई आजारी पडायची. हॅथर्लींनी मात्र पहिल्याच ईमेलला होकार दिला. मोरिता-सान गहिवरले. ब्रिटिश माणूस म्हणजे धीराचा, असं त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

खरं कारण मला विमानतळावरून येताना टॅक्सीत कळलं. ‘मला नाव घेऊन कुणी बोलावलं, त्याला जमाना झाला,’ हॅथर्ली म्हणाले. ‘तुमच्याकडे ज्वालामुखी फुटला असता तरी आलो असतो.’

त्यांची कहाणी थोडक्यात अशी. तरुणपणी रंगभूमीवर आवाजासाठी नावाजलेले. मग टीव्हीवर एका मालिकेत इन्स्पेक्टरची भूमिका मिळाली. हा इन्स्पेक्टर हुशार, पण अत्यंत उद्धट. साक्षीदार बाई रडायला लागली की तो म्हणायचा, ‘तोंड बंद करा आणि कामाचं बोला.’ इंग्लंडला हे वाक्य भलतंच आवडलं. मालिका वर्षानुवर्षं चालली, आणि हॅथर्लींवर शिक्का बसला. त्यानंतर त्यांना उद्धट घरमालक मिळाला, उद्धट डॉक्टर मिळाला, उद्धट काका मिळाला. पुढे पुढे काहीच मिळेना. रस्त्यातले लोक मात्र अजून त्यांना बघून ओरडायचे, ‘तोंड बंद करा!’ ते बिचारे कुठेतरी पाव घेत उभे असायचे.

जपानात हीच मालिका एका वाहिनीवर रोज दुपारी लागायची. इथे आल्यावर हॅथर्लींना वेगळाच अनुभव आला. लोक वाकून नमस्कार करत होते. टोकियोच्या कोतो भागातल्या त्यांच्या हॉटेलखाली एका आजींनी घरी घातलेल्या उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट प्लमची, बरणी त्यांच्या हातात ठेवली आणि डोळे पुसले. आणखी एकीनं त्यांच्या गळ्यात स्वतः विणलेला मफलर घातला. हॅथर्ली हरखून गेले. मला म्हणाले, ‘इथल्या लोकांना अभिनय कळतो.’

मला कारण ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. पाहुण्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकणं हे दुभाष्याचं काम नव्हे.

कारण असं. जपानात परदेशी मालिका डब होते, म्हणजे इथला नट मूळ नटाच्या ओठांबरहुकूम जपानीत बोलतो. एकदा एका परदेशी चेहऱ्याला एक आवाज दिला की शक्यतो तोच आवाज जन्मभर. प्रेक्षकांच्या लेखी तोच त्याचा खरा आवाज. हॅथर्लींचा आवाज होते ओसाकाचे कुरोदा-सान, जे आता निवृत्त झाले होते. आणि कुरोदा-सानांचा इन्स्पेक्टर उद्धट नव्हता. रडणाऱ्या बाईला तो म्हणायचा, ‘जरा शांत व्हा हं. मग सावकाश सांगा.’

तरी खात्री करावी म्हणून घरी, ग्योतोकुला, ती जाहिरात माझ्या लेकीला दाखवली. ती शेजारच्या आजींकडे बसून ही मालिका बघते. मी मराठीत विचारलं, तिनं नेहमीप्रमाणे जपानीत उत्तर दिलं: ‘हे आजोबा का रागावलेत?’

नातवंडांची बडबड ऐकू यायला लागली म्हणून रागावलेले आजोबा. मशीन कशाला खपेल?

दुसऱ्या दिवशी मोरिता-सान म्हणाले, ‘केळकर-सान, कुरोदा-सानांचा आवाज मिळाला तर जाहिरात राहील. नाही मिळाला तर क्लायंट दुसरा चेहरा घेणार आहे. अगदी नम्रपणे सांगितलंय त्यांनी.’

‘आणि हे हॅथर्लींना कोण सांगणार?’

‘दुभाषी कोण आहे?’

हॉटेलच्या खोलीत मी टीव्ही लावला. मालिकेची वेळच होती. हॅथर्ली आपल्या तरुण चेहऱ्याकडे बघत राहिले. इथे आल्यापासून त्यांनी टीव्ही लावलाच नव्हता. स्वतःला बघणं त्यांना सोसत नसे. मी जपानी संवाद इंग्रजीत सांगत गेले, जसेच्या तसे.

‘हा माणूस माफी का मागतोय?’ त्यांनी विचारलं.

‘माफी नाही. तो समजूत घालतोय.’

‘पण मी तिथे बाईला झापतोय!’

‘इथे नाही झापत.’

मग मी सगळं सांगितलं. आज्यांचं म्हणणं, क्लायंटचं म्हणणं, ओसाकाचे कुरोदा-सान, दुसरा चेहरा. टेबलावर उमेबोशीची बरणी होती. ती त्यांनी उचलली, फिरवून बघितली आणि खाली ठेवली.

‘म्हणजे ही बरणी त्याची होती,’ ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. उगाच गोड करून सांगणार नाही: त्या क्षणी मला माझ्या भाषेच्या डिग्रीचा राग आला. इंग्लंडात कुणी विचारत नव्हतं, त्याची त्यांना सवय होती. पण इथे आपण लोकांना आवडतो असं त्यांना वाटलं होतं, आणि तेही आता काढून घेतलं गेलं.

‘ओसाकाला मी पण येतो,’ ते म्हणाले. ‘माझ्या आवाजाला एकदा भेटू तरी द्या.’

कुरोदा-सान ओसाकात एका शांत गल्लीत राहायचे. बुटके, टक्कल पडलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले. दारात हॅथर्लींना बघून ते थबकले. मग ‘या’ म्हणाले. रोज दुपारी शेजारच्या घरातून ऐकू येणारा इन्स्पेक्टर चपला सरकवून देत होता.

कुरोदा काकूंनी चहा ठेवला. मी काम सांगितलं. कुरोदा-सान हात कानामागे धरून म्हणाले, ‘काय?’

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

‘जमणार नाही,’ ते म्हणाले. ‘डबिंग करताना एका कानात मूळ आवाज ऐकावा लागतो. मला आता तो ऐकू येत नाही. ओठ पकडता येत नाहीत.’

‘मग मशीन का नाही लावत?’ मी न राहवून विचारलं.

‘ते म्हातारे लावतात,’ कुरोदा-सान म्हणाले. काकूंनी छताकडे बघितलं.

हॅथर्लींनी माझ्या बाहीला धरलं. ‘त्यांना विचारा, मला इतकं मऊ का केलं?’

दुभाष्याचा एकच धर्म असतो: पदरचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही गाळायचं नाही. मी विचारलं. कुरोदा-सानांनी सरळ उत्तर दिलं, ‘मालिका दुपारी लागायची. प्रायोजक मिसो विकायचे. जेवणाच्या वेळी कुणी बायकांवर ओरडू नये, असा वरून निरोप होता.’

वाटलं, यातला मिसो तरी गाळावा. पण मी शब्दन् शब्द सांगितला. हॅथर्लींनी मान डोलावली. इथे आल्यापासून ज्याला ते अभिनयाची कदर समजत होते, तो सोयाबीनच्या पेस्टवाल्यांचा निरोप निघाला.

कुरोदा-सान मात्र थांबले नव्हते. चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘असला निरोप मला पुष्कळ नटांच्या बाबतीत आला. मी मऊ बोलायचो, पण ते चेहऱ्याला चिकटायचंच नाही. वरवरचं वाटायचं. ओरडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मऊपणाला जागा असावी लागते. यांच्या डोळ्यांत होती. हे बाईला झापतात आणि लगेच यांनाच वाईट वाटतं, दर वेळी. मी तेवढंच बोललो.’

हे इंग्रजीत सांगताना माझा आवाज थोडा हलला. दुभाष्यानं तसंही करायचं नसतं.

हॅथर्ली म्हणाले, ‘हे इंग्लंडात एकाही समीक्षकाच्या लक्षात आलं नाही.’

‘त्यांना ऐकू येत असेल,’ कुरोदा-सान म्हणाले. ‘त्यामुळे बघायचं राहून जातं.’

उपाय हॅथर्लींनीच काढला. इतकी वर्षं कुरोदा-सान त्यांच्या ओठांमागे धावले. आता ते कुरोदा-सानांच्या आवाजामागे धावणार. म्हणजे आधी आवाज रेकॉर्ड करायचा, आणि तो स्टुडिओत लावून हॅथर्लींनी नुसते ओठ हलवायचे. रंगभूमीवर आवाजासाठी नावाजलेल्या माणसानं.

टोकियोत पुन्हा शूटिंग झालं. मध्येच धरणीकंपाचा एक हलका झटका आला. सगळ्यांनी सवयीनं वरच्या दिव्यांकडे बघितलं. दिवे स्थिर झाल्यावर खाली बघितलं तर हॅथर्ली कप हातात धरून, त्याच शब्दावर तोंड उघडं ठेवून उभे होते. ‘पुढे चालू करा,’ ते ओठ न हलवता म्हणाले. मोरिता-सानांना त्या दिवशी ब्रिटिश धीर खरोखरच बघायला मिळाला.

आज्यांनी जाहिरात पास केली. एक म्हणाली, ‘आता बरं वाटलं. मागच्या वेळी यांना सर्दी झाली असावी.’ मशीन चांगलं खपलं. त्यातला आवाज एका बहिऱ्या गृहस्थांचा आहे, आणि आम्ही ते मशीन फुकट देऊनही त्यांनी नाकारलंय, हे क्लायंटला आम्ही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पुढची गंमत इंग्लंडात झाली. हॅथर्लींच्या एजंटनं ती जाहिरात तिकडे एका निर्मात्याला दाखवली. त्याला जपानी येत नव्हतं, म्हणून त्यानं नुसता चेहरा बघितला. आणि हॅथर्लींना आयुष्यात पहिल्यांदा प्रेमळ भूमिका मिळाली. नव्या मालिकेतल्या आजोबांची, अगदी मोठी. आजोबांना पहिल्याच भागात पक्षाघात होतो आणि त्यांची वाचा जाते. संवाद एकही नाही.

ती मालिका जपानात आली, तेव्हा वाहिनीचा मला फोन आला. आजोबांना आवाज कोण देणार?

‘आजोबा बोलत नाहीत,’ मी म्हटलं.

‘उसासे टाकतात ना,’ पलीकडचा गृहस्थ गंभीरपणे म्हणाला. इथे उसासेही डब होतात.

मी ओसाकाला फोन लावला. काकूंनी पुन्हा पुन्हा ओरडून सांगितल्यावर कुरोदा-सानांना काम कळलं. उसासा म्हणजे ओठ पकडायचे नाहीत, नुसते डोळे बघायचे. ते तयार झाले.

पहिला भाग मी हॅथर्लींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘त्याचे उसासे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्याला जसंच्या तसं सांगा.’

मी जसंच्या तसं सांगितलं, तीन वेळा, दर वेळी जरा मोठ्यानं. शेवटी कुरोदा-सानांना ऐकू आलं. त्यावर त्यांनी नुसता एक उसासा टाकला. तो काही मला इंग्रजीत करता आला नाही.