सहा गोळ्या

लासुर्ण्याच्या त्या गल्लीत घड्याळाची गरजच नव्हती. सकाळी आणि संध्याकाळी लक्ष्मीबाईंच्या घरातून "समाधान, गोळी!" अशी हाक आली की आठ वाजले असं खुशाल समजावं. नऊ वर्षं ती हाक चुकली नव्हती. बाई अंगणवाडीत मदतनीस. जंताची गोळी दिली की पोराला तोंड उघडायला लावून जिभेखाली बघणाऱ्या. त्या स्वतःच्या पोराच्या बाबतीत हयगय करतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

समाधानला पंधराव्या वर्षापासून फिट यायची. पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या द्वारकाबाई त्याच्या नाकाला लावायला कांदा फोडून धावत आल्या. लक्ष्मीबाईंनी तो कांदा काढून घेतला, आमटीत घातला आणि पोराला बारामतीला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, फिटा विरळ झाल्या, पोरगा जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचं काम शिकला. पण दोनदा डोक्याला वायरी लावून आलेख काढला, तर दोन्ही वेळा काहीच सापडलं नाही. वायरी सोडता सोडता तिथला माणूस सहज म्हणाला, "मावशी, फिट चालू असती तर घावलं असतं."

ते वाक्य बाईंच्या डोक्यातून गेलं नाही.

थोरली दिशा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. बुद्धपौर्णिमेला ती घरी आली आणि खीर खाता खाता तिनं आईला लॅपटॉपवर तिचं काम दाखवलं. जिवंत उंदराचा मेंदू. कवटीला नखाएवढी काच बसवलेली, पेशीतून वीज गेली की ती पेशी उजळावी अशी तजवीज केलेली, आणि सेकंदाला हजार चित्रं टिपणारा कॅमेरा. ती चित्रं तिनं सावकाश चालवली. आधी एका कोपऱ्यात दोन-चार ठिपके लुकलुकले, मग त्यांच्या शेजारचे, आणि बघता बघता सगळा मेंदू पेटला.

"ही उंदराची फिट, आई."

बाईंचे डोळे भरून आले. नऊ वर्षं त्यांनी फिट बाहेरूनच पाहिली होती, वळलेल्या मुठी आणि तोंडाचा फेस. आत काय होतं ते आज दिसलं. "समाधानचं आसं दिसंल का गं?"

"माणसाचं अजून जमत नाही. आणि फिट आली तरच हे असं दिसतं. एरवी काही कळत नाही."

पुढच्याच महिन्यात दिशानं पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाई विचार करू लागल्या. रक्त तपासायचं तर उपाशी जातात. मग डोकं तपासायचं तर औषध पोटात ठेवून कसं चालेल? दुखणं दबून बसणार आणि कागद पुन्हा कोरा येणार. त्यांनी तीन दिवस आधी गोळ्या थांबवल्या.

"आई, गोळी?" समाधाननं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. डॉक्टरला दिसू दे एकदा."

तो बरं म्हणाला. आईनं आजवर त्याला चुकीचं काही सांगितलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरही कधीकधी हेच करतात. पण तिथं खाट असते, सुई भरून तयार असते. बाईंपाशी बारामतीहून पुण्याला निघालेली एसटी होती. मोरगावच्या पुढं फिट आली, ती थांबेना. चालकानं गाडी तशीच दवाखान्याच्या दारात नेली, तरी पाऊण तास गेलाच.

समाधान जगला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या होत्या का?" बाईंच्या आधी पुण्याहून धावत आलेली दिशाच बोलली, "माझी आई एक गोळी चुकवत नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं आणि गप्प राहिल्या. खरं सांगावं तर पोरगी विचारणार, का थांबवल्यास? त्याच्या उत्तरात तिचंच बुद्धपौर्णिमेचं वाक्य होतं. ते तिला जन्मभर पुरलं असतं.

गोळ्या चालू असून एवढं झालं, म्हणून डॉक्टरांनी औषध दुप्पट केलं. आता समाधान घास तोंडाशी नेता नेता पेंगतो. मोटार भरायला बसला की तार हातातून निसटते. चार शब्द बोलायचे तर दोन सापडत नाहीत. हे पाऊण तासाचं की दुप्पट औषधाचं, ते कुणालाच सांगता येत नाही. न दिलेल्या सहा गोळ्या बाबासाहेबांच्या फोटोमागं डबीत होत्या. बाईंना त्या फोटोकडं बघवेना.

चार महिने त्यांनी ते सोसलं. मग एका सकाळी फोन लावला.

"दिशे, त्या टायमाला मी गोळ्या दिल्या न्हवत्या. तीन दिस. डॉक्टरला सांग, औषध कमी करा म्हनावं."

 "का, आई?"

"इसरले."

"तू विसरत नाहीस." आणि मग, अगदी हळू, "बुद्धपौर्णिमेला मी तुला काय म्हणाले होते?"

"काय न्हाय बाई. तू खीर दोनदा मागून घेतलीस, येवढंच ध्यानात हाय माज्या."

पोरगी रडायला लागली. बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. आठ वाजून गेले होते. हाक आली नाही म्हणून समाधान आपणच भिंत धरत आला आणि त्यानं आईपुढं हात पसरला. त्या हातावर किती गोळ्या ठेवायच्या, ते बाईंना आता कळत नव्हतं.