सहजीवनचं एकमत

प्रश्न एक विचारावा आणि उत्तर भलतंच मिळावं, यात शुभा आगाशे यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गेल्या आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडलात, असं विचारलं की घाटकोपरचे आजोबा मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाबद्दल सांगायला लागत. बोरिवलीत पाण्याबद्दल विचारलं तर माणसं पार्किंगवर घसरत आणि पार्किंगबद्दल विचारलं की चेअरमनवर. अंधेरीत तर एका बाईंनी प्रश्नावली बाजूला सारून शुभाताईंचीच उलटतपासणी घेतली होती; पगार किती, मिस्टर काय करतात, मुलगी एवढ्या लांब का दिली. शुभाताई उत्तरं देत, पुन्हा मूळ प्रश्नावर येत आणि पार्ल्याला घरी पोचल्या की स्वयंपाकघरात भांडी आपटत. एका वाक्यात सांगा म्हटलं की या लोकांच्या पोटात दुखतं, असं त्या भांड्यांनाच ऐकवत, कारण मिस्टर तोवर टीव्हीसमोर डुलक्या काढत असत.

त्या कामाला होत्या विद्यापीठाच्या नागरी धोरण केंद्रात. शहराचं काय चुकतंय आणि ते कसं सुधारावं, यावर तिथली विद्वान मंडळी अहवाल लिहीत, तो सरकारला सादर करत, आणि सरकारने तो कुठल्या कपाटात टाकला हे कळेपर्यंत पुढच्या अहवालाला लागत. पण अहवाल लिहायला माहिती लागते आणि माहिती बेल वाजवल्याशिवाय मिळत नाही. बेल वाजवायला शुभाताई. हाताखालची मुलं बदलत गेली, कागदाचे फॉर्म जाऊन टॅब आले, संचालक आले आणि गेले. शुभाताईंची एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आपल्या मनाने त्यांनी कधी एकही फॉर्म भरला नव्हता.

या धंद्यात हा मोह फार मोठा असतो. दाराला कुलूप, डोक्यावर ऊन, पायात गोळे आलेले. समोरच्या हॉटेलात कटिंग घेत चार उत्तरं ठोकून दिली तर कोणाला कळतंय? शुभाताईंना कळायचं. अशा मुलाला त्या दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नसत. समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल पाजळायची नाही, हा त्यांचा नियम, आणि केंद्रात त्यांचं नाव निघायचं ते त्यासाठीच. तेच नाव मुलुंडच्या सहजीवन सोसायटीने धुळीला मिळवायचं तेवढं बाकी ठेवलं.

अभ्यास तसा साधा होता. लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन मजली इमारतींतल्या वयस्कर माणसांना जिना झेपतो का, नसेल झेपत तर त्यांचं बाहेर जाणं कसं बंद पडतं, आणि अशा ठिकाणी लिफ्ट बसवायला सरकारने मदत करावी का. मुलुंड पूर्वेची सहजीवन म्हणजे बहुतेक सगळी निवृत्त मंडळी. सेक्रेटरी बाळ टिपणीस, सगळ्यांचे बाळकाका, बँक सोडून जमाना झाला तरी खिशाला दोन पेनं. त्यांनी आधी केंद्राचं पत्र मागितलं, मग प्रश्नावलीची प्रत 'फक्त माहितीसाठी' मागितली. सेक्रेटरी हो म्हणेपर्यंत वॉचमन फाटक उघडत नाही, हे शुभाताईंना पाठ होतं. त्यांनी प्रत दिली आणि आठवड्याने टॅब घेऊन हजर झाल्या.

त्या दिवशी त्यांना वाटलं, देव पावला. जिना उतरताना त्रास होतो का? नाही. कोणाची मदत लागते का? नाही. खाली किती वेळा उतरता? रोज. लिफ्टची गरज वाटते का? वाटत नाही. प्रत्येक दारात असंच. ना व्हिसा, ना पार्किंग. तिसऱ्या मजल्यावर सुगंधाबाई राजाध्यक्ष एकट्याच राहत. त्या मागच्या गॅलरीतून भाजीवाल्याला दोरीने पिशवी सोडत होत्या. हातातली दोरी न सोडताच त्यांनी उत्तरं दिली. रोज उतरते, त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी घेऊन पिशवी वर आली. दाराजवळ त्यांच्या चपला होत्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या. शुभाताईंनी चपलांकडे पाहिलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि पुन्हा तेच उत्तर आल्यावर नियमाप्रमाणे 'रोज' लिहिलं.

चार दिवसांनी संचालक मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. रेवती मॅडम परदेशात शिकून आलेल्या, वयाने शुभाताईंच्या मुलीएवढ्या, स्वभावाने गोड. त्यांनी स्क्रीन शुभाताईंकडे वळवला. सहजीवनच्या सगळ्या घरांची उत्तरं हुबेहूब एक होती आणि संगणकाने त्यांवर लाल खूण केली होती. अशी उत्तरं कधी येतात, हे दोघींनाही माहीत होतं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "शुभाताई, दमला असाल तर मी समजू शकते."

शुभाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दमले? आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने चढले ते काय या वाक्यासाठी? पण त्या काही म्हणायच्या आत मॅडमनी ठरवून टाकलं की त्या स्वतः मुलुंडला येऊन सगळे प्रश्न पुन्हा विचारतील, तोवर शुभाताईंनी दुसरीकडे कुठे जाऊ नये. शुभाताईंचा नोकरीचा करार महिन्याअखेरीला संपत होता. तो पुढे वाढेल का, हे विचारायची आता सोयच उरली नव्हती, आणि करारापेक्षा जास्त झोंबत होतं ते केंद्रातल्या पोरांनी त्यांच्याकडे बघून गप्प होणं.

दुसऱ्या दिवशी त्या तणतणत बाळकाकांच्या दारात उभ्या राहिल्या. बाळकाकांना उलट केवढा अभिमान! त्यांनी सगळं आपण होऊन सांगितलं. विद्यापीठाचं काम, म्हणजे काय चेष्टा आहे? प्रत्येकजण तोंडाला येईल ते बोलणार, सोसायटीची शोभा होणार. म्हणून त्यांनी खास सभा बोलावली, एकेक प्रश्न वाचला, चर्चा केली आणि उत्तरं एकमताने मंजूर करून घेतली. जिना झेपत नाही असं कळलं तर दारात टपलेला बिल्डर उद्याच्या उद्या पडेल भावात सह्या मागायला येईल. तेव्हा कोणालाही काहीही त्रास नाही, असं ठरलं. सुगंधाबाईंच्या घरी जाऊन त्यांनाही पढवून आले होते.

"बाळकाका," शुभाताई म्हणाल्या, "तुम्हाला लिफ्ट मिळावी म्हणून हे सगळं चाललं होतं. आणि आता फॉर्म मी खोटे भरले असं ऑफिसात म्हणतायत."

बाळकाकांचा चेहरा उतरला. मनाने ते खरंच सरळ होते, तोच तर वैताग. तुमच्यावर ठपका म्हणजे सहजीवनवर ठपका, असं त्यांनी दोनदा म्हटलं. शुभाताईंनी हात जोडून सांगितलं की मॅडम येतील तेव्हा ज्याला जे खरं वाटतं तेवढं सांगू द्या, सभा नको, ठराव नको. बाळकाकांनी मान डोलावली.

"निश्चिंत राहा, ताई. या वेळी कोणाची उत्तरं सारखी येणार नाहीत, ही माझी जबाबदारी."

शुभाताई इतक्या वैतागलेल्या होत्या की या वाक्यात काय दडलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आलं मॅडमसोबत पहिल्या मजल्यावर पोचल्यावर. यज्ञेशने दार उघडलं. इमारतीतला त्यातल्या त्यात तरुण, रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारा, आत्ताही पायात बूट आणि कपाळावर घाम. जिना उतरताना फार धाप लागते, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. मदतीशिवाय उतरवतच नाही. मॅडमनी सहानुभूतीने टॅबवर नोंद केली. समोरच्या दारात गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ भिंतीला धरून उभे होते. ते म्हणाले, मी तर दिवसातून चारदा वर-खाली करतो. शुभाताईंनी मागे वळून पाहिलं. जिन्याच्या कठड्याशी बाळकाका समाधानाने उभे होते.

"उत्तरांच्या चिठ्ठ्या टाकल्या," ते त्यांच्या कानाशी पुटपुटले. "म्हणजे कोणावर अन्याय नाही."

शुभाताई तिथेच पायरीवर बसल्या. रडावं की या माणसाला फाटकाबाहेर काढावं, हे त्यांना कळेना. मॅडम मात्र दारामागून दार उत्साहाने करत गेल्या. दुसरा मजला संपेपर्यंत त्यांचा चेहरा खुलला होता. किती छान वैविध्य आहे, त्या म्हणाल्या. तरुणांमधल्या धाप लागण्यावर तर वेगळा लेख होऊ शकेल. मग त्यांनी शुभाताईंचा हात हातात घेतला.

"माझं चुकलं, शुभाताई. पहिल्या वेळी टॅबचाच काहीतरी घोळ असणार. वरचा मजला तुम्हीच करा."

आता बोलायला हवं होतं. चिठ्ठ्यांचं सांगितलं की सहजीवन अभ्यासातून बाद, आणि या असल्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार? पुन्हा तेच लाल खुणेचं लचांड. शुभाताईंनी तोंड उघडलं तेवढ्यात मॅडमना दिल्लीहून फोन आला आणि बोलत बोलत त्या खाली उतरूनही गेल्या. शुभाताई एकट्याच वर चढल्या. स्वतःचाच राग येत होता त्यांना.

सुगंधाबाई तयारच बसल्या होत्या. आठवड्यातून एकदा उतरते, त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, कोपऱ्यावरच्या देवळात जाते. चपला होत्या तिथेच, होत्या तशाच. शुभाताईंनी टॅब मांडीवर ठेवला. प्रश्नावलीत नसलेला प्रश्न त्यांनी आजवर कोणाला विचारला नव्हता.

"फाटकाजवळ तो नवा बाक टाकलाय, त्यावर बसता का कधी?"

सुगंधाबाईंची गॅलरी मागच्या बाजूला होती, तिथून फाटक दिसत नसे.

"बाक टाकलाय?" त्यांनी हळूच विचारलं. "लाकडी की सिमेंटचा?"

"सिमेंटचा."

"बरं झालं. लाकडी पावसात सडतो." मग त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही लिहा हो, आठवड्यातून एकदा. माझ्या चिठ्ठीत तसंच आलंय. नाहीतर बाळ रागावतो."

शुभाताईंनी टॅब उचलला. पर्याय चार होते: रोज, आठवड्यातून एकदा, क्वचित, उतरता येत नाही. समोरची बाई एक सांगत होती आणि त्यांनी दुसरं लिहिलं, शेवटचं. लिफ्ट हवी का, या पुढच्या प्रश्नाला तर त्यांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. हाताखालच्या ज्या ज्या पोरांना त्यांनी यासाठी घरी पाठवलं होतं, ती सगळी त्यांना आठवली. त्या अख्ख्या इमारतीत खरं म्हणावं असं तेवढंच एक घर लिहिलं गेलं होतं, आणि ते त्यांनी आपल्या मनाने भरलेलं होतं.

"लिहिलंत ना एकदा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"लिहिलं," शुभाताई म्हणाल्या.

खाली मॅडम गाडीत बसून फोनवर सहजीवनचं कौतुक सांगत होत्या. बाळकाका कोकम सरबताचे दोन ग्लास घेऊन फाटकाशी उभे होते. या वेळी सगळं नीट झालं ना, त्यांनी विचारलं. शुभाताईंनी ग्लास घेतला, सिमेंटच्या बाकावर बसल्या आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाळकाका, पुढची सभा घ्याल ना, ती तिसऱ्या मजल्यावर घ्या."