मुकी घरी आलेली गाडी

शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला तेव्हा मी चौथीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला आणि मला कळलं. तरीही चाललेलं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम सांगितला आणि मगच पुस्तक मिटलं. का, ते अजून मला कळलेलं नाही. फोनवर दवाखान्यातली नर्स होती. तुमचे भाऊ गेले, कोणीतरी लवकर या, एवढंच ती गुजरातीत म्हणाली. मी पोचले तेव्हा नानावर चादर ओढलेली होती, पण एक हात बाहेर राहिला होता. कोपरापर्यंत निळसर झालेला... सुरतेजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवता रंगवता तो रंग त्याच्या कातडीत कायमचा उतरला होता. आणि इतके दिवस खाटेवर पडून राहूनही नखांत गाडीचं ग्रीस तसंच होतं. मी पदराने ते काढायला गेले, निघालं नाही. मग मला त्याचा भयंकर राग आला. मेलेल्या भावावर रागावणारी बहीण त्या वॉर्डाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

ही गाडी म्हणजे आमच्या आप्पांची मोटरसायकल. आप्पा अक्राणीच्या डोंगरात हिवतापाच्या खात्यात होते. पाड्यापाड्यांवर फवारणी करायची, तापकऱ्यांना गोळ्या द्यायच्या. तिथे रस्ते नव्हतेच, म्हणून त्यांनी देवळालीला लष्कराच्या लिलावातून ही परदेशी गाडी घेतली होती. जाड खाचांची चाकं आणि नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून गुडघ्याइतक्या उंचीवर वळवलेला सायलेन्सर. तिचा आवाज डोंगराच्या वळणावरूनच ऐकू यायचा आणि तो आला की माय तवा चुलीवर चढवायची. आप्पा दारात पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. एका पावसाळ्यात आप्पाच तापाने फणफणले आणि एका पाड्यावरच गेले. लोकांनी त्यांना झोळीतून आणलं आणि त्यांच्यामागून बैलगाडीत आडवी घालून मोटरसायकल आणली. नाना तेव्हा बारा वर्षांचा, मी सात. रडारडीत सगळे आप्पांकडे बघत होते, नाना मात्र त्या बैलगाडीकडे बघत होता.

पुढे आम्ही सुरतेला आलो, जसा अर्धा खानदेश आला. नाना रंगखात्यात लागला, त्याने मला डी.एड. केलं, माझं लग्न लावलं. स्वतःचं जमलं नाही, खरं म्हणजे त्याने जमू दिलं नाही. भेस्तानला तो आणि माय राहायचे आणि दोन गल्ल्या सोडून मी. आणि एक दिवस, साड्यांचे गठ्ठे पोचवून रिकामा परतणाऱ्या टेम्पोत घालून, त्याने गावाकडच्या गोठ्यातून ती गाडी आणली. माझ्या काकांनी तिला बैलगाडीच्या चाकांना लावतात तो निळा ऑइलपेंट फासला होता. वर कोंबड्या बसत. कार्बोरेटर तर कोणीतरी केव्हाच काढून नेला होता. मी म्हटलं, नाना, हे भंगार तू दहा बाय बाराच्या खोलीत कुठे ठेवणार? त्याने आपली खाट बाहेरच्या पत्र्याखाली टाकली आणि गाडी आत घेतली.

प्लेगच्या वर्षी गिरण्या बंद पडल्या आणि सुरत रिकामी झाली. आम्ही नवराबायको नंदुरबारला पळालो. नाना आणि माय मात्र हलले नाहीत. परत आलो तर इंजिन सुटं करून वर्तमानपत्रांवर मांडलेलं, प्रत्येक नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतलेला. माय त्या तुकड्यांमधून पाय उचलत उचलत चुलीपर्यंत जात होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. मी एक भांडं इकडचं तिकडे ठेवलं तर माझा उद्धार करणारी हीच माय! नाना ब्लेडच्या टोकाने निळा रंग खरवडत होता आणि खालचा लष्करी हिरवा दिसला की थांबत होता. नखाएवढा तुकडा मोकळा करायला त्याची अख्खी संध्याकाळ जायची. नवा रंग का देत नाहीस, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "आप्पाना हात यावर लागेल शे." ज्या रंगाला आप्पांचा हात लागलेला, त्यावर नवा रंग चढणार नव्हता.

कतारगामचे कांतिभाई हे त्याचे मेकॅनिक आणि सुरतेतले एकमेव मित्र. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं लेथ मशीन. त्यांनी टाकीवरचा पोचा ठोकून काढू का म्हणून विचारलं, तर नानाने टाकीच काखेत मारली आणि घरी आला. नाल्यात आप्पा घसरले होते, त्याचा तो पोचा. पाय ठेवायचा दांडाही मोडला होता आणि पाड्यावरच्या लोहाराने तिथे ओबडधोबड सळई बसवली होती. मी माझी अक्कल पाजळली की, हा दांडा काही मूळचा नाही, मग तो तरी बदल. नाना हसला. हसला की खोकला यायचा, तेव्हापासूनच. म्हणाला, "माले कंपनीनी बनाडेल गाडी नको, बेबी. आप्पानी चालाडेल पाह्यजे." झिजलेल्या रिंगा, बेअरिंगं त्याने खुशाल बदलली. अडलं ते कार्बोरेटरपाशी. कांतिभाई म्हणायचे, "नानाभाई, बीजुं नाखी दउं? काले ज चालू थई जशे." दुसरा बसवला की उद्याच चालू होईल. नानाचं उत्तर ठरलेलं, "चालू तो थशे, कांतिभाई. पण ए अवाज नहीं आवे." त्या आवाजासाठी तो सुट्टीच्या दिवशी मालेगाव, धुळ्याचे भंगार बाजार पालथे घालायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा.

तोवर इंजिन जाम होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी मिलमधून आला की तो कोरड्या किका मारायचा. पेट्रोल नाही, काही नाही... नुसतं खड्... खड्... चुलीपाशी पाठमोरी बसलेली माय विचारायची, "उना का रे नाना?" तो आला हे तिला त्या आवाजावरूनच कळायचं आणि ती चहाचं आधण ठेवायची.

छाती पार बिघडली तेव्हा डॉक्टरांनी रंगखातं सोडायला सांगितलं. त्याने नाही सोडलं. शेवटी शेवटी पायात जोर राहिला नव्हता, तर जमिनीवर बसून तो दोन्ही हातांनी किक दाबायचा आणि मग भिंतीला टेकून कितीतरी वेळ श्वास गोळा करत राहायचा. मला ते बघवेना. एकदा मी कडाडून भांडले. म्हटलं, बसव तो दुसरा कार्बोरेटर, माय आहे तोवर तिला एकदा आवाज ऐकव, मूळचा मिळाला की बदल. ती गेल्यावर कोणाला ऐकवणार आहेस? त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "ती गाडी मुकी घर उनी ना, बेबी... ती वाजत येवाले पाह्यजे. बापनाच आवाजमा." मी म्हटलं, आणि माय? तो म्हणाला, "माय थांबी. तिले माहीत शे."

माय थांबली. थांबला नाही तो. आधी माय जाणार हे आम्ही दोघं किती सहज धरून चाललो होतो!

दिवसकार्य उरकल्यावर कांतिभाई आले. खिशातून त्यांनी दुसरा कार्बोरेटर काढला आणि मायसमोर धरून, डोळे पुसत, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "माजी, मी आत्ता लावतो. एकदा चालू करू. नानाभाईला बरं वाटेल." मी मायकडे बघितलं. आप्पा गेल्यापासून ज्या आवाजाची वाट ती पाहत होती, तो तिच्यापासून हातभर लांब होता. मायने कार्बोरेटर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "आते कोनकरता?" गाडीत कार्बोरेटरच्या जागच्या उघड्या तोंडात नानाने फडक्याचा बोळा कोंबून ठेवला होता, धूळ जाऊ नये म्हणून. तो बोळा अजून तिथेच आहे.

मी आता शाळा सुटली की आधी मायकडे जाते. परवा झाडताना गाडीला धक्का लागला आणि काय वाटलं कोण जाणे, मी पदर खोचला, त्या लोहाराच्या दांड्यावर एक पाय ठेवला आणि दुसऱ्याने किक मारली. खड्. चुलीपासून आवाज आला, "उना का रे ना..." आणि तिथेच थांबला. आम्ही दोघी आपापल्या जागी खिळलो. घरी येताना मी रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, पुन्हा त्या गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

काल गेले, भाजी निवडली, मायच्या पायाला तेल चोळलं, दिवे लागले. मी निघायला चपला घातल्या. माय चुलीपाशी रिकामं भांडं धरून बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आज गाडी वाजनी नही."

मी चपला काढल्या.