कुंकवाने चिकटलेलं बटण

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून अक्षर वेडंवाकडं आणि शुद्धलेखन चुकीचं, कुणी वाचलंच तर माफ करा. झेंडूचा वास आला की आगाशीच्या घरातला जुना कॉम्प्युटर आठवतो. जाऊबाईंकडून उसने पैसे घेऊन तो आणला होता. पोरं पैसे देऊन गेम खेळायची. पैसे फिटेपर्यंत माहेरी जायचं नाही, असं जाऊबाईंनी बजावलं होतं, म्हणून माझं माहेर राजोडी इतकं जवळ असूनही मी त्या खोलीत डांबल्यासारखी बसायचे. सुरू होताना पडद्यावर इंग्रजी दोन ओळी यायच्या. खालच्या बाणाचं बटण दाबून दुसरी निवडली तरच जुने गेम चालायचे, पहिली ओळ नव्या विंडोजची, तिच्यात ते चालत नसत. दसऱ्याला मी त्याच बटणाला ओलं कुंकू लावलं आणि ते चिकटून बसलं, गेम बंद पडले. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, असा जाड गोल पिनचा कीबोर्ड आता मिळत नाही. भंगारात द्या." जाऊबाई म्हणाल्या, "पूजा केलीस ना? आता आरतीच्या ताटात पैसे गोळा कर!"  दुपारी दार लावून मी केसांतल्या आकड्याने बटण उचकटलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसून परत बसवलं. गेमची धून वाजली आणि मला रडूच फुटलं. आता दसऱ्याला मुलाच्या कॉम्प्युटरला मी नुसतं फूल वाहते. पण जाऊबाईंचे सगळे पैसे त्या जुन्यानेच फेडले, आणि शेवटची नोट त्यांच्या हातावर ठेवून मी तशीच राजोडीच्या बसमध्ये चढले.