उंटावरून दिसलेलं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, अंबड-जालना रस्त्यावर जीप चालवायचे. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप होती. तिच्यात माणसं बसायची आठ आणि दाजी बसवायचे चौदा. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "गाडीला जड होईना अन् तुम्हालाच का होऊन राह्यलं?" त्या जीपवर त्यांचं घर चालायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या जीपमुळे ते कुणाच्या हाताखाली नव्हते. वडिलांच्या शेतात भावांच्या हाताखाली राबायचं नाही म्हणून त्यांनी ती घेतली होती, आणि अंबडच्या स्टँडवर लोक त्यांना शेठ म्हणायचे. थट्टेनंच, पण म्हणायचे.

ती जीप गेली ती आमच्यामुळे. 'आमच्यामुळे' हे मी चुकीचं लिहिलं. माझ्यामुळे.

माझं लग्न नव्वदीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं. मी बदनापूरला नोकरीला होतो आणि रोज जालन्याहून, मस्तगडातल्या घरून, जा-ये करायचो. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वडील, आतल्या खोलीत आई, आणि उरलेल्या जागेत आम्ही. उन्हाळ्यात लग्न झालं, दिवाळी आली, तरी बायकोशी माझं बोलणं "डबा झाला का" आणि "पाणी दे" याच्या पुढे गेलं नव्हतं. मोठ्यांच्या देखत नवरा-बायकोनं एका सतरंजीवर बसायचं नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावंच लागत नव्हतं. ती दारापाशी बसायची, मी खिडकीपाशी.

आक्का, म्हणजे माझी बहीण, दिवाळीला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं दाजींना ऐकवलं, "ही पोरगी सुकत चाललीय. ह्या दोघांना कुठंतरी न्या."

"कुठं नेऊ? देवाला नेऊ का?"

"देवाला म्हातारपणी जातील. समुद्रावर न्या."

दिवाळी म्हणजे प्रवाशांचे दिवस. माहेरवाशिणी, पोरंबाळं, टोपल्या, गाठोडी. वर्षातली मोठी कमाई त्या आठवड्यात व्हायची. दाजींनी ती सोडली. आईला सांगितलं, "पोरं समुद्र पाहून येतात," आणि मला आणि बायकोला मागच्या बाकावर बसवलं. मध्ये आक्काची दोन पोरं कोंबली, म्हणजे बघणाऱ्याला वावगं दिसू नये.

कोकणातल्या त्या गावाचं नाव लिहीत नाही. आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. दाजी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "आपली गोदावरी ह्याच्यात आणून वतली तरी कळणार बी न्हाई."

किनाऱ्याच्या मागे सुरूची झाडं होती आणि झाडांच्या पुढे वाळूचे मोठाले ढिगारे, काही पुरुषभर उंच. ते पाहून दाजींच्या अंगात आलं. गोदाकाठच्या गावांना लग्नाची वऱ्हाडं नेताना ते कोरड्या पात्रातून जीप घालायचे. वाळू त्यांच्या हातातली होती. त्यांनी उतरून काडीनं चारी टायरांची हवा कमी केली, पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा टाकला आणि म्हणाले, "धरा."

मग जी जीप उडाली! एक ढिगारा चढायचा, माथ्यावर क्षणभर पुढे नुसतं आभाळ, आणि नाक खाली करून धाडकन उतरायचं. पोरं किंचाळत होती. आक्का एका हातानं पदर आणि एका हातानं दांडी धरून दाजींना शिव्या घालत होती, आणि हसतही होती. "आवं, म्हातारी झाले मी! हाडं मोडतील!" दाजी ओरडले, "मोडू दे, नवीन बसवू!" एका उतारावर बायकोचा हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि तिनं तो लगेच काढून घेतला. मी दाजींना म्हणालो, "अजून एकदा घ्या." त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी आणखी तीनदा घेतली.

खेळून झाल्यावर त्यांनी जीप खाली पाण्याच्या कडेला नेऊन ओल्या, घट्ट वाळूवर उभी केली. यात चूक होती असं तेव्हा आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. नदीत आम्ही असंच करतो. कोरड्या वाळूत उभी केलेली गाडी निघताना रुतते, ओल्या कडेवरची सुखानं निघते. आणि नदीचं पाणी काठ सोडून येतं ते पूर आला तर. पूर आला तर आधी गावात ओरड होते. समुद्राचं पाणी रोजच्या रोज, कुणाला न सांगता, आपल्या वेळेनं वर चढतं, हे पुस्तकात वाचलं असेल, पण अंगात नव्हतं.

किनाऱ्यावर एक उंटवाला दोन उंट घेऊन फिरत होता. गळ्यात घुंगरं, पाठीवर आरशांची झूल. आधी आक्का पोरांना घेऊन बसली. उंट मागच्या पायांवर उठला तशी ती पुढे झुकली आणि "आगं माय माय!" करत त्याच्या मानेलाच मिठी मारली. दाजींना बस म्हटलं तर ते बसेनात. "माझा उंट तिथं उभा हाय," जीपकडे बोट दाखवून म्हणाले. मग पोरांना भजी पाहिजे झाली. गाडा सुरूच्या झाडांमागे होता. जाताना दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही दोघं बसा उंटावर. तेवढं गाडीकडं ध्यान असू द्या."

मी "हो" म्हणालो. हे 'हो' मी पुढे कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

आम्ही बसलो. मी पुढे, ती मागे. उंट उठताना तिचं कपाळ माझ्या पाठीवर आदळलं आणि तिनं दोन्ही हातांनी मला कमरेपाशी धरलं. ते हात तिनं काढले नाहीत. दिवसाउजेडी, उघड्यावर, लग्नाच्या बायकोनं मला असं धरलेलं होतं आणि बघायला ओळखीचं कुणी नव्हतं. उंट डुलत होता, त्याच्याबरोबर आम्हीही. ती माझ्या कानाशी बोलायला लागली. तिच्या माहेरच्या विहिरीवरचं, कसल्याशा भांडणाचं, काहीबाही. ती इतकं बोलते, हे मला तेव्हा कळलं.

किनाऱ्याच्या टोकाशी उंट वळला आणि जीप समोर आली. उंच बसल्यामुळे सगळं साफ दिसत होतं. जीप चालवत नेली त्या चाकोऱ्या पुसल्या होत्या. फेस पुढच्या चाकांना लागत होता.

"अहो," ती म्हणाली, "गाडीपाशी पाणी आलंय."

मी पाहिलं. लाट आली, चाकाला लागली, मागे गेली. मी मनाशी म्हणालो, गेली की मागे.

उंटवाल्यानं वर बघून विचारलं, "साब, एक चक्कर और?"

तेव्हा खाली उतरलो असतो तर पळत जाऊन जीप मागे घेता आली असती. मला चालवता येत होती, किल्ली दाजी गाडीतच ठेवायचे. नाहीतर नुसती हाक मारायची. पण उतरलो की ती पुन्हा दारापाशी आणि मी खिडकीपाशी. मी म्हणालो, "हां, और एक."

ती एकदा म्हणाली, "पण गाडी..."

"दाजी बघतील," मी म्हणालो.

मग तिनं बोलणं बंद केलं. हात तसेच होते. उंट वळून उलट्या दिशेला निघाला आणि आमची पाठ जीपकडे झाली.

परत आलो तेव्हा दाजी पळत होते. एका हातात भज्यांचा कागद तसाच. पाणी जीपच्या पायरीच्या वर गेलं होतं. ते आत शिरले, चालू केली, पण लाटांनी चाकांखालची वाळू काढून नेली होती. चाकं फिरली तशी जीप आणखी खाली बसली. एक लाट बॉनेटवरून आत आली आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. उंटवाल्यानं बिचाऱ्यानं झूल काढून दोन्ही उंटांना दोर बांधला. उंटांनी दोनदा ओढलं आणि पाण्यातच फतकल मारली. गर्दी जमली होती. कुणीतरी ओरडलं, "गाडीला पोहायला आणलंय का?" लोक हसले. दाजी छातीइतक्या पाण्यात जीपच्या दाराला धरून उभे होते, जणू जनावर वाहून जाईल. मीही पाण्यात होतो, ढकलत होतो. माझ्याइतकं जीव तोडून कुणी ढकललं नसेल.

ओहोटीला ट्रॅक्टरनं ओढून काढली. गावातल्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, धुतलं, कसंबसं चालू केलं. परतीच्या घाटात आक्का आणि बायको पोरांना घेऊन झोपल्या होत्या, मी दाजींशेजारी होतो. रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुम्ही तर वर होते. वरून दिसलं न्हाई का?"

"न्हाई, दाजी. आमची पाठ होती तिकडं."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी ते खरं मानलं. खोट्यात एक चक्कर खरी होती, म्हणून ते मला इतकं सहज बोलता आलं.

खारं पाणी लोखंडाला सोडत नाही. वर्षभरात खालचा पत्रा गंजून गेला, मग गिअर, मग काय काय. प्रवासी वाटेत उतरून दुसऱ्या गाडीत बसायला लागले. शेवटी जीप जालन्यात भंगारात गेली; तिचं लोखंड कुठल्या तरी भट्टीत वितळून सळया झाल्या असतील. दाजी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. स्टँडवर शेठचं 'समुद्रवाले' झालं. "काय समुद्रवाले, आज भरती का ओहोटी?" ते हसायचे. मला ध्यान ठेवायला सांगितलं होतं, हे त्यांनी एकदाही, कुणालाही सांगितलं नाही. 

सगळ्यांत जास्त बोलली ती आक्का. भाजी करपली तरी आणि पोराची फी थकली तरी तिचं बोलणं तिथंच यायचं. "अक्कल समुद्रात बुडवून आलेला माणूस! आपल्या हातानं गाडी पाण्यात नेऊन लावली!" मी समोर बसलेला असायचो. कपातला चहा संपवायचो. कधी म्हणायचो, "जाऊ दे आक्का, होतं असं," आणि दाजी माझ्याकडे उपकार झाल्यासारखे बघायचे. त्या बघण्यानं मी आतून चिरत जायचो, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणायचो.

बायको आणि मी त्याबद्दल कधीच बोललो नाही. आम्हाला मुलं झाली, मस्तगडातच वेगळं घर झालं, एका सतरंजीवर बसायची मुभा झाली. पण ती तिथे उंटावर बोलली तशी पुन्हा बोलली नाही. मी त्याला स्वभाव म्हणत आलो.

दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यात मी होतो. सांगायला जागा होती, वेळ होता, खोलीत आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "पाव्हणं, उशाला जरा उंच करा." मी उशी उंच केली आणि खुर्चीवर येऊन बसलो.

या दिवाळीत आक्का आमच्याकडे आली, तेव्हा जेवणानंतर मी तिला सगळं सांगितलं. ध्यान ठेवायचं 'हो', फेस लागलेली चाकं, दुसरी चक्कर, घाटातलं खोटं. बायको दारात सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला.

आक्कानं हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता सांगून राह्यला? ते होते तव्हा तुझी जीभ कुठं गेल्ती?"

मी बायकोच्या हातातल्या अडकित्त्याकडे बघितलं.

"मी त्यांना काय काय बोलले, ठावं हाय तुला? दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी बी बोलले. खोकत होते अन् मी म्हणाले, गाडी बुडवली नस्ती तर आज घरची गाडी आस्ती. ते नुसते हसले." तिनं पदर तोंडाला लावला. "आता ते मी कुठं नेऊन ठेवू, सांग. तू मोकळा झाला. मी काय करू?"

सांगितलं की हलकं वाटेल, एवढाच विचार मी केला होता. माझा.

मग ती बायकोकडे वळली. "तुला बी दिसलं होतं?"

"मीच दाखवलं होतं," बायको म्हणाली.

"मंग तू तरी सांगायचं होतंस बाई. तू तरी!"

"ह्यांनी सांगावं असं वाटत होतं," ती म्हणाली. "आज सांगतील, उद्या सांगतील. वाट बघत राह्यले."

ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी आक्कानं पिशवी भरली. मी म्हणालो, "स्कूटरवर सोडतो स्टँडला."

"नको. जाईन मी."

बायको तिच्याबरोबर निघाली. दोघी मस्तगडच्या उतारानं चालत गेल्या, बायकोच्या हातात आक्काची पिशवी होती. वळणापर्यंत त्या काही बोलत होत्या असं दिसलं. मी दारात उभा होतो. त्यांनी बोलावलं नव्हतं, म्हणून मागे गेलो नाही.